सगुणचा नारळ

धारगळच्या आसपास सगुणसारखा गाऱ्हाणं घालणारा झाला नाही, असं जाणती माणसं अजून सांगतात. जत्रेच्या दिवशी वाड्यावरच्या रवळनाथासमोर तो उभा राहायचा, उजवा हात नारळावर ठेवायचा आणि पोटातून आवाज काढून म्हणायचा, "बा देवा म्हाराजा!" की सभामंडपातली कुजबूज आपोआप विरायची. माइक नाही, काही नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो एवढंसं थांबायचा, आणि सगळा गाव एका तोंडाने म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" तरुणपणी जत्रेच्या नाटकांत त्याने राजे केले, राक्षस केले, टाळ्या घेतल्या. पण तो म्हणायचा, "नाटकातलो आवाज माजो. गाऱ्हाण्यातलो आवाज गावाचो."

आणि ते खरंच होतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने पदरचं काही बोलायचं नसतं. कुणाची गाय आटली, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाचा दुबईचा व्हिसा अडलाय. जो नारळ पुढे करील त्याचं दुःख देवाच्या कानी घालायचं. फक्त स्वतःचं घालायचं नाही. आपला नारळ दुसऱ्या कुणा पुरुषाच्या हाती द्यायचा, गाऱ्हाणं त्याने घालायचं आणि आपण मान खाली घालून उभं राहायचं. सगुणचा नारळ त्याचा मुलगा गौरेश घ्यायचा. बापाचा आवाज त्याला नव्हता, मधेच हसूही फुटायचं, पण घ्यायचा.

गेल्या जत्रेला गौरेश नव्हता. त्याच्या आदल्या जत्रेलाही नव्हता, आणि त्या वर्षी सगुणने आपला नारळ नेलाच नाही. तो तुरुंगात होता, आणि खटला अजून उभा राहायचा होता.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात तो कामाला होता. तिथे कुणीतरी त्याला बिया दिल्या, आणि त्याने डोंगरावरच्या आपल्या काजूच्या बागेत, उंच गवताआड, गांजा लावला. सगुणने ती रोपं पाहिली होती. त्याला वाटलं, अंबाडी. सून भाजी करील म्हणून त्याने गुरांपासून राखायला भोवती काटेरी फांद्यांची वय, म्हणजे कुंपण, घातली, चांगली मजबूत, जुन्या पद्धतीची. पोलीस आले तेव्हा आधी ते कुंपणच त्यांच्या डोळ्यांत भरलं. पुढे जामिनाच्या वेळी सरकारी वकील म्हणाला, ही काही आपोआप उगवलेली झाडं नव्हेत, ही राखण केलेली लागवड आहे. सगुण कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकत होता. "वय मी घातलीय" असं तो उठून मोठ्याने बोलला. त्याच्या त्या आवाजाने न्यायाधीशही दचकले, शिपायाने त्याला खाली बसवलं आणि काम पुढे चाललं.

त्यानंतर टीव्हीवरच्या चर्चा हा त्याचा नेम होऊन बसला. गांजा देशभर कायदेशीर करावा की नाही यावर कुठल्या ना कुठल्या चॅनलवर भांडण जुंपलेलं असायचं. सगुण नाटक बघावं तसा पुढे सरकून बसायचा. सून संजना हमरस्त्यावरचं काजू-कोकमाचं दुकान बंद करून आली, की तिला विचारायचा.

"तो दाढीवालो काय म्हणता गो?"

"औषध म्हणता. दुखण्यार चलता."

"आणि ती बाई?"

"पोरां बरबाद होतली म्हणता."

"दोगांयचो आवाज नाकातलो. आमच्या टायमाक दुसऱ्या अंकात घरा धाडलो असतो," सगुण म्हणायचा. मग हळूच, "पण तो दाढीवालो जिंकाक व्हयो."

संजनाने पुष्कळ दिवस सोसलं. मग एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "बाबा, वकिलाक विचारलंय मी. कायदो बदललो तरी आदल्या गुन्ह्याक आदलोच कायदो. आमका त्याचो उपयोग ना."

पडद्यावर चौघं एकदम ओरडत होती.

"मगे ही माणसां इतकी भांडतत ती कोणासाठी?"

"फुडल्यांसाठी."

"भांडूं दी तर," तो म्हणाला. "आवाज मात बारीक कर."

तोवर ते भांडण गावातही येऊन पोचलं. औषधासाठी गांजाच्या लागवडीला परवानगी मिळणार, एक कंपनी डोंगर बघून गेली, अशी बोलवा उठली. ग्रामसभेत पोरं म्हणाली, "काजूची फेणी आमी गाळतो ती चलता, आणि ह्या झाडान काय पाप केलां?" टाळ्या पडल्या. मग म्हाबळू उठला आणि टाळ्या थांबल्या.

म्हाबळू हा सगुणचा जोडीदार. सगुण राजा असायचा तेव्हा म्हाबळू राणी. गोरा, नाजूक, लुगडं नेसून रंगमंचावर आला की बायकाही बघत राहायच्या. त्याचा मुलगा सिद्धेश कॉलेजात असताना गांजा ओढायला लागला, आणि आता घरच्या सोप्यावर बसून असतो. आईला ओळखतो, बापाला कधी कधी. डॉक्टर म्हणतात, आजार मुळातच असेल, गांजाने तो बाहेर काढला. सिद्धेश गौरेशबरोबर डोंगरावर जायचा, हे गावाला ठाऊक होतं. कुणी ते बोलत नव्हतं. दोन घरांचं येणंजाणं मात्र तुटलं होतं.

"पोरांनू, माज्या घराकडे येवा," म्हाबळू सभेत एवढंच म्हणाला. "एक दीस बसा त्याच्या बाजूक. मगे हात वर करा."

ठराव झाला. परवानगी येवो न येवो, हे झाड गावात नको. आणि जत्रेच्या गाऱ्हाण्यात हे देवाला सांगायचं.

ते सांगायला म्हाबळू स्वतःच सगुणकडे आला. अंगणात उभा राहिला.

"सगुणा, तुका जड जातला म्हणून लोक म्हणत होते, दुसऱ्या कोणाक तरी—"

"दुसऱ्या कोणाक? तुका? तुजो आवाज अजून राणीचोच आसा."

म्हाबळू हसला नाही, पण पायरीवर टेकला. संजनाने चहा आणून ठेवला.

"सिद्धेश जेवता?" सगुणने विचारलं.

"भरवूचा पडता."

म्हाबळूने चहा संपवला. गौरेशचं त्याने विचारलं नाही.

"गावाचा मी घालतंय," सगुण म्हणाला. "जत्रेक माजो नारळ कोण घेतलो, म्हाबळू?"

म्हाबळूने रिकामा कप पायरीवर ठेवला. "बघूया," म्हणाला.

जत्रेला सभामंडप भरला. सगुण धुतलेला पंचा खांद्यावर टाकून उभा राहिला आणि त्याने आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या नशेच्या झाडाची सावली तुज्या गावार पडूक नाका..." "व्हय म्हाराजा!" "कोणाच्या लेकराची सुद हरपूक नाका..." "व्हय म्हाराजा!" ज्याच्या मुलाला त्या झाडाने तुरुंगात टाकलं तोच हे बोलत होता, आणि एकाही शब्दावर त्याने अंग चोरलं नाही. मग म्हाबळूने सिद्धेशसाठी नारळ पुढे केला. "बापाक ओळखण्याइतकी तरी सुद तेका परत दी रे म्हाराजा," सगुण म्हणाला, तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले.

शेवटी त्याने स्वतःचा नारळ देवापुढे ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि मान खाली घातली.

कुणी पुढे येईना. पोरांनी म्हाताऱ्यांकडे बघितलं, म्हाताऱ्यांनी खांबांकडे. संजना बायकांच्या गर्दीत पायाच्या चवड्यांवर उभी होती. तेवढ्यात म्हाबळू हलला. नारळापाशी गेला, त्यावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. आवाज खरोखरच राणीचा होता, बारीक आणि चिरलेला. "ह्या सगुणाचो झील..."

तो थांबला. गावाला सवय होती. वाक्य थांबलं की बोलायचं. "व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

म्हाबळू पुढे बोलेना. सगुणने मान वर केली नाही, तशाच खालच्या मानेने हळू सुचवलं, "गौरेश. घरा येंव दी, म्हण."

"माका ठावक आसा रे," म्हाबळू म्हणाला. "तोंडातसून भायर येना, सगुणा. मी काय करू?"

सगुण पुढे झाला. त्याने म्हाबळूचा हात नारळावरून अलगद उचलला, आपल्या दोन्ही हातांत धरला. "ऱ्हवूं दी," म्हणाला. "तू इलंस."

भटजींनी बाकीचे नारळ फोडले. सगुणच्या नारळापाशी येऊन ते थांबले.

"ह्याचां काय करू?"

"गाऱ्हाणां पुरां जावंक ना. फोडूक येवचो ना," सगुण म्हणाला.

"मगे घरा व्हर," भटजींनी दाराकडे हात केला.

"देवाफुडे ठेवल्लो परत कसो व्हरू, भटजी?"

बाहेर काल्याच्या नाटकाचा मृदंग सुरू झाला होता, मुलं जागा धरायला धावत होती. सगुण संजनाचा हात धरून पायऱ्या उतरला. आत, फोडलेल्या नारळांच्या पाण्यात, तो एक अख्खा नारळ तसाच राहिला.