उताऱ्यातला शब्द

मी वादात हरलेली कुणाला आठवत नसेल. हरले तरी हरले असं म्हणायचं नाही, ही माझी लहानपणापासूनची खोड. घरात मला ‘वकील’ म्हणत आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता सांगते आहे ती गोष्ट त्या अभिमानाचीच आहे, म्हणून ती मी आजवर कुणाला सांगितली नाही.

लढाईचे दिवस होते. माण तालुक्यातल्या आमच्या गावातून सातवीच्या फायनलला बसलेल्या मुली दोनच, मी आणि माझी मैत्रीण. फायनल पास झालं की मास्तरीण होता येई, म्हणून मला बसवलं होतं. तिचं तसं नव्हतं. तिचे वडील मुंबईला गिरणीत, थोरला भाऊ फौजेत, घरी ती आणि आई. आई तिला चौथीतूनच काढणार होती. पण भरती होऊन निघताना भावानं आईकडून कबूल करून घेतलं होतं, की काही झालं तरी तायडीला फायनलला बसवायची. तो कुठल्या मुलखात आहे हे कुणाला धड माहीत नव्हतं. पत्रावर नुसते फौजेतले आकडे, आणि आतल्या काही ओळी फौजेतल्या साहेबांनीच काळ्या शाईनं खोडलेल्या. पत्र यायला दीड-दोन महिने लागत. आईला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे आलेलं पत्र वाचायचं काम तिचं, आणि आई सांगेल ते लिहून टाकायचं कामही तिचंच.

परीक्षा साताऱ्याला होती. शाळेतल्या बाई आम्हाला घेऊन गेल्या आणि त्यांच्या ओळखीच्या एका घरी, परसातल्या दोन खोल्यांत आम्ही उतरलो. तिथंच आष्ट्याची एक मुलगी उतरली होती. जैन व्यापाऱ्याची लेक, अंगानं भरलेली, सदा हसणारी. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून संध्याकाळी तिची नुसती धांदल उडायची, आणि आम्ही दोघी तिला त्यावरून चिडवायचो. बाईंनी तिघींनाही बजावून ठेवलं होतं, “पेपर झाला की विसरायचा. उत्तरं पडताळून बघत बसायचं नाही.”

पहिलाच पेपर भाषेचा. पूर्वी न वाचलेला एक उतारा आणि त्याखाली प्रश्न. कागदाची टंचाई इतकी की प्रश्नपत्रिका पिवळट, पातळ कागदावर छापलेली. मागच्या बाजूची अक्षरं पुढं उमटून दिसत होती. पेपर संपल्यावर ती प्रश्नपत्रिकासुद्धा परत मागून घेतली. त्यामुळं बाहेर पडलो तेव्हा आमच्या हातात काही नव्हतं, जे होतं ते डोक्यात.

बाईंचं ऐकायचा आमचा विचार होता. पण आष्ट्याची जेवून हात धुवायला हौदावर आली, आम्ही दोघी तिथं पाय सोडून बसलोच होतो, आणि विषय निघालाच. सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड गेला होता. परसात उजेड होता, पण कशाची म्हणून सावली पडत नव्हती. साताऱ्यात संध्याकाळी बराच वेळ असं असतं. आमच्या माळावर सूर्य शेवटपर्यंत दिसतो आणि दिसेनासा झाला की अंधार पडतो, त्यामुळं मला तो सावलीविनाचा उजेड पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता.

उतारा साधा होता. एक मुलगा पहाटे घर सोडून नदीपलीकडं चाकरीला निघतो, एवढंच. शेवटचा प्रश्न होता : मुलगा परत आला असेल काय? कशावरून?

“मी आला म्हनून लिवलं,” आष्ट्याची म्हणाली. “शिवंपतोर त्येच्यामागनं कुत्रं गेलं, आन् तितनं गुमान माघारी फिरलं. त्यो येनार न्हाई आसं वाटलं आस्तं, तर कुत्रं फिरलं आस्तं व्हय?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. “कुत्रं?” मी म्हणाले. “कुत्रं कुठं हुतं त्यात?”

“हुतं की. काळं.”

“कुत्रं न्हवतं,” माझी मैत्रीण म्हणाली. “मीबी आला म्हनूनच लिवलंय, पर दारातनं निगताना त्यो ‘येतो’ म्हनला म्हनून.”

“‘येतो’ न्हाई, ‘जातो’ म्हनला,” मी म्हणाले. “खालनं तिसरी वळ. तितंच तर सगळी मेख हाय. म्हनून मी लिवलं, मुलगा परत आला नाही.”

आमच्याकडं घरातून बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. शेळ्या घेऊन बांधापर्यंत निघालेला माणूससुद्धा ‘येतो’ म्हणून निघतो. त्यामुळं ‘जातो’ हा शब्द दिसताच माझ्या अंगावर काटा आला होता, आणि लगोलग आनंदही झाला होता, की हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात येणार नाही.

मग जे सुरू झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मैत्रीण म्हणाली, आई दारात उभी होती. मी म्हणाले, आत चुलीपाशी होती. आष्ट्याची म्हणाली, चूल कुठली, घर तर अंधारात होतं. नदी मला भरलेली आठवत होती, मैत्रिणीला कोरडी. तिघींनी एकाच वेळी, एकाच खोलीत वाचलेला तो उतारा, पण जितकं बोलावं तितका तो वेगळा होत चालला. आम्ही भांडत नव्हतो. आवाज उलट उतरत गेले, आणि नकळत आम्ही तिघी एकमेकींना चिकटून बसलो.

तेवढ्यात बाई कंदील घेऊन आल्या. रागावतील म्हणून आम्ही गप्प झालो, पण त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं.

“कोण काय म्हणाला?” बाईंनी विचारलं. “त्या उताऱ्यात कुणी काही बोलतच नाही. आई झोपलेली असते आणि मुलगा तिला न उठवता निघून जातो. मी परीक्षेत शेजारच्या खोलीवर देखरेखीला होते, तीनदा वाचलाय मी तो. चला, आत चला.”

कंदील हौदाच्या कठड्यावर ठेवून त्या गेल्या. आष्ट्याची “आई गं” म्हणाली आणि त्यांच्या मागोमाग पळालीच. बाई आम्हाला गप्प बसवायला तसं बोलल्या, की त्यांनी खरंच तसं वाचलं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

मैत्रीण मात्र उठली नाही. पाण्याकडं बघत म्हणाली, “दादा जाताना ‘जातो’ म्हनला हुता.”

मी कंदील जरा जवळ ओढला.

“आई धावली मागनं. म्हनली, माघारी ये, बस घडीभर, गूळ खा, आन् ‘येतो’ म्हन. त्यो हसला. ‘आई, मोटार सुटंल की’ म्हनला आन् पळाला. तवापासनं आई कुनाला काय बोलली न्हाई, पर तिच्या मनात काय हाय मला ठावं हाय.” मग तिनं माझा हात धरला. तिचा हात ओला आणि गार होता. “खरं सांग. उताऱ्यात ‘जातो’च हुतं का? का ‘येतो’ हुतं?”

तिला काय हवं होतं हे एखाद्या लहान पोरालाही कळलं असतं. ‘नक्की आठवत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. कारण कुत्रं आणि नदी आणि चूल यानंतर माझं मलाच काही नक्की राहिलं नव्हतं. पण मला वाद जिंकायचा होता. मी म्हणाले, “‘जातो’च हुतं. गळ्याशपथ.”

तिनं हात सोडला. “मंग तुझंच उत्तर बरूबर,” ती म्हणाली.

पुढं मी सांगलीच्या शाळेत मास्तरकी केली, मुलींना शेकडो उतारे दिले, आणि दर वेळी खालून तिसऱ्या ओळीवर माझी नजर आपोआप जायची. तो शब्द मला आजही छापलेला दिसतो. मागची अक्षरं त्यातून उमटलेली दिसतात. पण बाईंचा आवाजही तितकाच स्पष्ट ऐकू येतो.

आम्ही दोघीही पास झालो. निकालाच्या दिवशी माझ्या घरी गूळ वाटला. तिच्याकडं मी गेले ती आषाढात. आमच्याकडं आषाढातही ढग नुसतेच वरून जातात. दार उघडं होतं. आई बाजरी निवडत बसली होती आणि ती आईला पत्र वाचून दाखवत होती. दादाला गहू कसा भेटतो, तिकडच्या बायका रानात कशा राबतात, थंडी कशी कमी झाली. मधेच ती थांबायची आणि म्हणायची, “हितं खोडलंय,” आणि पुढं वाचायची. आई हसत होती. मी मैत्रिणीच्या मागं उभी होते. तिच्या हातातल्या कागदाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. ते पत्र मी ओळखलं. संक्रांतीला आलेलं, मीच एकदा आईला वाचून दाखवलेलं. ती वाचत होती त्यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

मी तिला बाहेर बोलावलं. “ह्ये तर संक्रांतीचं. नवं आलं न्हाई?”

“आली की, तीन आल्यात. फोडली न्हाईत.”

“का?”

“गेलेल्या मान्साचं पत्र कसं फोडायचं? त्येनं आधी लिवलेलं आता पोचतंय.” हे ती इतक्या शांतपणे म्हणाली, की मी दोन पावलं मागं सरकले.

“आन् आई सांगती ती पत्रं?”

“लिवते. चुलीत घालते. टाकू कुठं?”

“आगं, पर त्यो गेला आसं म्हनलं कोन?”

“तूच की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

‘माझं चुकलं असेल’ हे शब्द माझ्या तोंडात आले होते, अगदी ओठांपर्यंत आले होते. त्याऐवजी मी म्हणाले, “फोडून तर बग,” आणि घरी निघून आले. मी पुन्हा गेले नाही. मला त्या घराची भीती वाटायला लागली होती, आणि त्या भीतीमागं लाज होती.

दसरा झाल्यावर तार आली. भाऊ लढाईत पडला होता, भाद्रपदात. म्हणजे आम्ही हौदावर बसलो होतो तेव्हा तो जिवंत होता, आणि आषाढात ती ‘गेलेल्या माणसाचं’ म्हणाली तेव्हाही होता. हे मी बोटांवर मोजून बघितलं, पुन्हा पुन्हा मोजलं.

तेराव्याला मी गेले. पाहुणे उठले तशी मैत्रिणीनं कणगीमागून पत्रं काढली. आता ती पाच होती. शेवटचं तर तारेनंतर चार दिवसांनी आलेलं. तिनं ती माझ्यासमोर ठेवली. “तू वाच,” म्हणाली. आई पदर डोळ्याला लावून जवळ सरकली. मी सगळ्यात वरचं, नवं, ते फोडलं.

‘तीर्थस्वरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे.’ मी वाचत होते. पाऊसपाणी, शेळ्या, वडिलांची चौकशी. मग दोन-तीन ओळी अशा आल्या की माझा आवाज थांबला आणि नजर तेवढी पुढं गेली. त्या गाळून मी थेट शेवटचा नमस्कार वाचला.

पण ती माझ्याबरोबरच फायनल पास झालेली होती. तिनं हात पुढं केला. मी पत्र दिलं, न देऊन काय करणार होते? तिनं ते आधी मनात वाचलं, आणि मग गाळलेल्या ओळी आईला मोठ्यानं वाचून दाखवल्या, एकही शब्द न बदलता.

‘आज तीन महिने झाले, घरचं एक पत्र नाही. डाक वाटून झाली तरी मी उगीच उभा राहतो, सगळे हसतात. माझं काय चुकलं असेल तर माफी करावी. तायडी पास झाली का नापास, एवढं तरी एक कार्ड टाकून कळवावं.’

आईनं पदर डोळ्यावरून खाली घेतला. मग म्हणाली, “तायडे, आगं मी सांगत हुते ती पत्रं गेली कुठं?”

मैत्रीण खाली मान घालून बसली. तेव्हा आईनं माझ्याकडं बघून तेच मला विचारलं.