पुस्तकातलं तेल

बाळांनो, परवा फोनवर थोरला म्हणाला, "आजी, जीपच्या जुन्या मॅन्युअलचे फोटो पाठव. तू सगळं जपून ठेवतेस ना!" पाठवते. पण त्यातलं तेलाच्या तक्त्याचं पान पाठवण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी.

जीप तुमच्या बाबांपेक्षा वयाने मोठी. पावसाळ्यात भातकुलीच्या शेतातल्या काळ्या चिखलातून तीच बाहेर निघते. तिला मूळचे तीनच गिअर होते, म्हणून सडकेवर इंजिन नुसतं ओरडायचं. दोन वर्षांपूर्वी आजोबांनी अकोल्याच्या भंगार बाजारातून पाच गिअरचा बॉक्स आणला आणि परतवाड्याच्या मिस्त्रींकडे बसवायला दिला. मेळघाटात फिरणाऱ्या जीपगाड्या त्यांच्याच हातच्या. नवा बॉक्स चार बोटं लांब निघाला, तेव्हा त्यांनी मागचा शाफ्ट कापून आखूड केला, पुढचा वाढवला आणि फिरताना थरथरू नयेत म्हणून दोन्ही तोलून घेतले. एवढं निगुतीचं काम.

गाडी देताना त्यांनी मला बाजूला घेतलं, कारण आजोबा ऐकत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

"बाई, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डांबरी सडकेवर फोर-व्हील लावू नोका, सारा ताण आतल्या दातांवर येते. अन् या बॉक्सात मी भरलं थेच तेल ठेवा. याच्या आत पितळी रिंगा हायेत. तुमचं जुनं तेल पितळ खाते."

मी मान डोलावली. घरी येऊन मॅन्युअल उघडलं. तक्त्यात गिअरबॉक्सला आणि दोन्ही अ‍ॅक्सलला एकच तेल लिहिलेलं. त्या तेलाचा डबा, वर माझी चिठ्ठी चिकटवलेला, कपाटात होताच. एका गाडीत दोन तऱ्हेची तेलं मला पटेनात. शिवाय खरं सांगते, मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि मिस्त्रींनी ते पुस्तक कधी उघडलंही नसेल असं मी मनात धरलं. पुस्तक जुन्या बॉक्सचं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आठवडाभराने आजोबा कोर्टात गेले असताना मी घराजवळच्या सर्व्हिसिंगवाल्याकडून मिस्त्रींचं तेल काढवलं आणि माझं भरवलं. तक्त्याखाली पेन्सिलने लिहिलं, 'नव्या बॉक्सलाही हेच.'

दिवाळीपर्यंत तिसरा गिअर करकरायला लागला. मग एकदा शेतातून परतताना दुसरा पडेचना. आजोबांनी जोर केला, आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि गाडी ओढत परतवाड्याला न्यावी लागली.

गॅरेजमध्ये धारणीचे दोन-तीन जीपवाले चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर आजोबा म्हणाले, "मिस्त्री, बॉक्स बसवता येत नव्हता तर तसं सांगायचं! माझी गाडी कशाला शिकायला घेतली?"

मिस्त्री गाडीखाली शिरले. त्यांनी बॉक्सचा खालचा बोल्ट सोडला, तेल बोटावर घेतलं आणि नाकाशी नेलं. त्या तेलाला सडक्या अंड्यासारखा वास असतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तेल कोनं बदललं?"

मी म्हणाले, "भरलं तर तुम्हीच होतं ना?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. चांगलं वाक्य रचता येतं मला.

त्यांनी फडक्याला बोटं पुसली. "असन मंग. माहीच चूक असन."

रिंगा बदलून त्यांनी गाडी परत दिली. आजोबा पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढले नाहीत. कोर्टात वकिलांच्या बाररूममध्ये ज्यांच्याकडे जुनी जीप होती, त्या प्रत्येकाला त्यांनी तिथे जाऊ नका म्हणून सांगितलं. मी ऐकत होते आणि चहा गाळत होते.

थोरल्याचा फोन झाल्यावर ते पान काढलं. माझी पेन्सिलीची ओळ तशीच. खोडरबर हातात घेतला होता. तुमच्या हाती स्वच्छ पान आलं असतं, आणि आजी नीटनेटकी राहिली असती. रबर ठेवून दिला आणि काल परतवाड्याची बस धरली.

मिस्त्री एका जीपखाली आडवे होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ते सरकत बाहेर आले.

"मले तवाच मालूम होतं, बाई. वासच सांगून राह्यला होता."

"मग बोलला काहून नाही?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघून गेली.

"तुमी बोलान म्हनून उभा होतो ना मी." मग म्हणाले, "सायबाले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले सांगून काय उपयोग? मले तं मालूमच होतं."

चहा विचारला त्यांनी. मला घेववला नाही.

काल संध्याकाळी आजोबांना सांगितलं. ते वर्तमानपत्राची घडी करत राहिले. "दोन वर्षं?" एवढंच विचारलं आणि अंगणात जाऊन बसले. आज सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "जीप काढतो. अकरापर्यंत धारणीवाले तिथे असतात. मी त्यांच्यासमोर बोललो होतो."

"मीही येते," मी म्हटलं.

"येशीलच. बोलायचं तुलाच आहे."

खाली हॉर्न वाजतो आहे. पानाचा फोटो सोबत जोडला आहे. पेन्सिलीची ओळ खोडलेली नाही.