सशर्त बोट

"त्या बेटावर मी पाय ठेवणार नाही," असं मी दोन वर्षांपूर्वी तोक्योतल्या ओजिमा भागात, आमच्या स्वयंपाकघरात म्हणाले होते. आवाज चढवून, लाटणं हातात घेऊन. लेक तेव्हा तेरा वर्षांची. आमच्या कोतो वॉर्डातल्या शाळेत ती गप्प गप्प होत चालली होती. तोक्योच्या दक्षिणेला समुद्रात एक चिमुकलं बेट आहे, तिथली शाळा शहरातली मुलं राहायला घेते, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. नवरा हो म्हणाला. मी डोक्यात राख घालून घेतली. लेक गेली. नवरा अधूनमधून बोटीनं जाऊन तिला भेटून यायचा, सुट्टीत ती घरी यायची, आणि मी माझा शब्द पाळत बसले.

यंदा मार्चमध्ये तिचा शाळेचा निरोप समारंभ होता. नवरा महिनाभर कामासाठी पुण्याला गेलेला. शिक्षिकेची मेल आली: तुमच्या मुलीनं फॉर्मवर 'घरून कोणी येणार नाही' असं लिहिलंय, बरोबर आहे ना? ती ओळ मी तीनदा वाचली. लाज वाटली, सरळ सांगते. त्याच दिवशी बोटीचं तिकीट काढलं आणि लेकीला कळवलं. उत्तर जपानीत आलं, "मुरी शिनाइदे." उगाच ओढाताण करू नकोस.

ओढाताण म्हणे! दोन दिवस खपून मी बेसनाचे लाडू वळले, शंकरपाळे तळले. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही हे आमच्या घरचं बाळकडू, आणि या दारात तर मी दोन वर्षं उशिरा जात होते. म्हटलं, अख्ख्या शाळेला पुरून उरलं पाहिजे. डबेच बारा झाले.

तोक्योच्या धक्क्यावरच्या फलकावर त्या बेटाच्या नावापुढे जपानीत 'सशर्त' लिहिलेलं होतं. आपल्याकडे जाहिरातीखाली 'अटी लागू' असतं ना, तसं मी त्याकडे बघितलं, म्हणजे बघितलंच नाही. अर्थ कळला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. बोट आधी मोठ्या बेटाला लागली, मग लहान बेटासमोर आली, लाटांत थोडा वेळ डोलत राहिली आणि वळून पुढे निघाली. सशर्त म्हणजे बोट सुटणार, पण बेटाला लागेलच असं नाही. धक्का इतका जवळ होता की त्यावरचा लाल कोट मला दिसत होता. तो कोट मीच घेतलेला. तिनं हात हलवला नाही. मीही नाही, मला कठडाच सोडवेना.

फोन वाजला. "आई, शोगानाइ," ती जपानीतच बोलत होती. म्हणजे इलाज नाही. लाट येवो, बर्फ पडो, साहेब चिडो, इथे सगळ्यावर हेच औषध. "मी व्हिडिओ पाठवीन. बाबांना पाठवणारच आहे, तूही बघ."

"समारंभ उद्या दहाला ना?"

"हो, पण..."

"मग आज कसलं शोगानाइ?" मी फोन ठेवला.

परतीच्या फेरीत दुपारी बोटीनं पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा वळली. मी मोठ्या बेटावर उतरले. वेगवान बोट लाटांमुळे बंद. विमान उतरायला लहान बेटावर धावपट्टीच नाही. एका कोळ्याला विचारलं, तर त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे, आणि जाळं आवरायला लागला. उरलं हेलिकॉप्टर. सकाळी एकच फेरी, नऊ जागा, सगळ्या भरलेल्या.

"प्रतीक्षायादीत नाव घाला," मी म्हटलं.

"हमी देता येणार नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"हमी मागितलीय कोणी?"

दुसऱ्या दिवशी काउंटरवरची ती मुलगी यायच्या आधीच मी बाहेरच्या बाकावर बसलेली होते. एक जागा सुटली, तसं लेकीला कळवलं. मग माझी पिशवी काट्यावर चढली. माणशी पाच किलो चालतं, पिशवी भरली चौदा. ती बिचारी वाकून वाकून माफी मागत होती. मी तिथेच फरशीवर बसून एकेक डबा बाहेर काढायला लागले. राग तिचा नव्हता, माझाच मला आला होता. एवढी धडपड करून शेवटी हात निम्मे रिकामेच.

"कुणासाठी नेतेस?" रांगेतल्या एका आजींनी विचारलं.

"लेकीसाठी. ती तिथल्या शाळेत आहे."

"ती भारतातली मुलगी? अगं, ती माझ्या बागेत झाडांखालच्या बिया वेचायला येते." त्यांनी स्वतःच्या पिशवीचं तोंड उघडलं. "माझं सामान दोनच किलो आहे. आण ते इकडे."

मागच्या गृहस्थांनीही पिशवी पुढे केली, मग त्यांच्यामागच्या बाईंनी. सगळी त्याच बेटावरची माणसं. दोन वर्षं मी ज्या बेटाला नावं ठेवत होते, तेच माझे लाडू उचलून चाललं होतं. मला रडू फुटलं, ते मी लपवलंही नाही.

चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात आम्ही पोचलो. पंखा थांबला. कुंपणापलीकडे लाल कोट उभा होता. माणसं एकेक करून उतरली, तिच्याजवळ गेली, आणि प्रत्येकानं तिच्या हातात डबा ठेवला. कोपरापर्यंत डबे चढले, वर हनुवटी टेकवून ती उभी. शेवटची मी. पायरीवर आले आणि थबकले. भीती उंचीची नव्हती. ती काय म्हणेल, याची होती.

तिनं माझ्या बुटांकडे बघितलं. या दोन वर्षांत ती माझ्याशी मराठीत एकही वाक्य बोलली नव्हती. आता कुंपणापलीकडून ओरडली, "आई, ठेव की पाय!"