रत्नाचा उंबरा

अण्णांच्या रानात मोकळ्या हातानं जाता येत नसे. वाटेत भूकंपात पडलेलं जुनं गाव लागायचं. तिथला एक दगड उचलायचा, नाल्यावरच्या बांधावर नेऊन ठेवायचा, मगच प्यायला पाणी मिळायचं. तहसीलचा साहेब असो की सोयरा, कायदा सगळ्यांना सारखा.

अण्णा म्हणजे माझा मित्र संजय याचे वडील, किल्लारीजवळचे शेतकरी. मी नांदेडच्या शिंप्याचा मुलगा. लातूरला बारावीच्या क्लाससाठी संजय आणि मी एकाच खोलीत राहायचो. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं मला पहिल्यांदा शेतावर नेलं. दगड बघून मी कुरकुरलो, तर अण्णा म्हणाले, "सलीमभाई, आमच्याकडं पाव्हण्याला आधी घाम फोडत्यात, मंग च्या."

एरवी त्या दगडांना कुणी हात लावत नसे. त्यांच्याखाली माणसं गेली होती. नव्या गावात ते गोठ्यालासुद्धा अपशकुनी मानत. अण्णांची धाकटी रत्ना त्यातच गेली. तरी ते म्हणत, "दगडाचा काय गुन्हा? भिंती रचणारे आमीच." फक्त स्वतःच्या पडक्या घराचा उंबरा त्यांनी कुणाला हलवू दिला नाही. त्यावर बसून रत्ना भाकरी खायची.

पुढे संजय इंजिनिअर होऊन पुण्याला गेला आणि मी हवामानबदलावर काम करणाऱ्या एका संस्थेत लागलो. मी गेलो की अण्णा विचारायचे, "मंग, पावसाचं काय ठरलं?" पुढच्या बैठकीत ठरेल, असं मी सांगायचो.

"बरं हाय. तवर दगड उचल."

हट्टीही तेवढेच. जादा पाणी जायला बांधाला सांडवा ठेवा, असं सांगून संजय थकला. "पानी अडवायला बांध घातला, आन् त्यालाच वाट देऊ व्हय?" पण पाऊस पहिल्यासारखा राहिला नव्हता. महिनाभर तोंड दाखवायचा नाही आणि मग एका दुपारी सगळा कोसळायचा. तसाच एकदा कोसळला आणि बांध मधोमध फुटला. कडेचं काळं रान खरवडून गेलं. संजय फोनवर म्हणाला, "अण्णा, आता विकून टाका. पुण्याला या."

मी पोचलो तेव्हा अण्णा त्या खिंडारापाशी बसले होते. मला वाटलं, म्हातारा खचला. पण ते उठले. "संज्याचं सांडव्याचं बरूबर व्हतं. पर रान इकनार न्हाई. ट्रॅक्टर बोलव."

आम्ही तो उंबरा उपटून आणला. सांडव्याच्या तोंडाशी त्यांनी तो आडवा बसवून घेतला आणि मातीच्याच हातानं पुसला. "लेक उंबरा वलांडून सासरी जाती," ते म्हणाले. "रत्ना न्हाई गेली. आता पानी जाऊ दे."

अण्णा गेले, पण संजयनं रान विकलं नाही. परवा त्याच्याबरोबर गेलो. जुन्या गावात सवयीनं दगड शोधला. गवतात उचलण्याजोगा एकही सापडेना. म्हाताऱ्यानं सगळं गाव रानात आणून ठेवलं होतं. मी मोकळ्या हातानंच आत शिरलो. बांध भरला होता आणि जादा पाणी उंबऱ्यावरून निवांत चाललं होतं. संजयनं तांब्या पुढे केला. तहान लागली होती, पण आधी मी बांधावरचा एक निसटलेला दगड उचलून नीट बसवला, मगच पाणी प्यालो.