खंडेनवमीचं पॉलिश

कडूबामामा वाळूजच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनवर होते, सगळी ठेकेदारामार्फत. दिवाळीनंतर कायम करायच्या यादीत यंदा कुठं त्यांचं नाव आलं होतं. पिशोरहून मला शिकायला शहरात आणलं ते त्यांनीच, आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत, ठेकेदारामार्फतच, चिकटवलं तेही त्यांनीच. माणूस देवभोळा आणि कामाला वाघ. मशीनला जपता त्याच्या निम्मं मामीला जपा, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. ते नुसते हसायचे.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते. कायम होणार या आनंदात मामांनी यंदा गाडीच्या डॅशबोर्डला लावायचं पॉलिश आणलं. मशीनचा पत्रा तर पुसलाच, शिवाय ज्यात प्लॅस्टिक भरून पॅनेल घडतात त्या साच्याचं तोंडही आतून चकचकीत केलं. मग हार, कुंकू, नारळ.

चार दिवसांत मोटारसायकलच्या पॅनेलवरचा रंग सालीसारखा सुटायला लागला. नमुने माझ्याकडं आले. आमचं इन्फ्रारेड यंत्र फक्त वरच्या, केसाहूनही पातळ थराबद्दल सांगतं. आलेखावर प्लॅस्टिकच्या ओळखीच्या रेषा होत्या आणि बाराशे साठच्या आकड्याजवळ एक टोकदार शिखर. ते सिलिकॉनचं. तुकडा कापून आतला भाग तपासला, तर तो स्वच्छ. म्हणजे माल चांगला होता, वरून काहीतरी लागलं होतं. सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून ते शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या विभागात, आणायलाच बंदी आहे.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी ताडून बघायला शॉपमधलं तेल, ग्रीस, सापडेल ते मागवलं. त्यात मामांच्या कप्प्यातली पॉलिशची बाटली होती, वर त्यांचं नाव लिहिलेली.

मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा पॉलिशचं आणि पॅनेलवरचं शिखर एकावर एक बसलं. ‘स्रोत सापडला नाही’ असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. मी खरं तेच लिहिलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, आणि याचीच मला भीती वाटते.

दोन दिवसांनी मामांचा गेटपास काढून घेतला. घरी गेले तर ते ओट्यावर बसले होते.

“तनू, तूच तपासलं व्हय?”

“व्हय.”

“पूजा अर्धवट नको म्हून आतून बी पुसलं म्या. एवढुसं तं लावलं व्हतं.”

“एवढुसंच सापडतं, मामा.”

ते उठून दाराशी गेले. मग आत बघून मामीला म्हणाले, “आवडा, पोरीला ताट वाढ.” मी दोन भाकरी खाल्ल्या. रडू येईल म्हणून वाट बघितली, आलं नाही.

दिवाळीनंतर यादी लागली. मामांचं नाव काढलं होतं आणि माझं घातलं होतं. संध्याकाळी मामा पेढे घेऊन आले आणि गल्लीत घरोघरी सांगत फिरले की आमची तनुजा पर्मनंट झाली. माझ्या हातावर त्यांनी दोन ठेवले. मी दोन्ही खाल्ले.