पाऱ्याच्या पट्टीवर नसलेला आकडा

थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यात जास्त धसका घेतला तो त्यांच्या नवऱ्याने. तो गणिताचा मास्तर, आधीच निवृत्त होऊन सुखाने पेपर वाचत बसलेला. आणि ही बाई अशी, की चौतीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात चादरीचा एक कोपरा सुटला तरी माणसांना फैलावर घेणारी. पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या आणि मास्तरांच्या ताटातल्या मिठावर पहारा बसवला.

त्यामुळे पत्र आलं तेव्हा मास्तरांच्या जिवात जीव आला. तुरुंगातल्या दवाखान्यांवर बाहेरच्या जाणकारांनी लक्ष ठेवावं असं सरकारने ठरवलं होतं. महिन्यातून एकदा जायचं, कैद्यांना औषधपाणी नीट मिळतं का ते पाहायचं, शेरा लिहून सही करायची. एक पैसा मिळणार नव्हता. नसू दे, तू जाच, असं मास्तर म्हणाले आणि तिची पिशवीसुद्धा त्यांनीच भरून दिली.

पहिली भेट मात्र फारच गोड झाली. तुरुंगाचे साहेब फाटकापर्यंत सामोरे आले. दवाखान्याची खोली चुन्याने नुकती रंगवलेली, बाक पुसलेले, टेबलावर रक्तदाब बघायचं पाऱ्याचं यंत्र त्याच्या पेटीत चकचकत होतं. शेजारी कम्पाउंडरची वही. रक्तदाबाची गोळी चालू असलेले बावीस कैदी, प्रत्येकाचा रोजचा आकडा, अक्षर मोत्यासारखं आणि एकही रकाना रिकामा नाही. सिस्टर अक्षरावर भाळल्या. इस्पितळात त्यांनी डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात उमर घालवली होती, भाळल्या तर त्यांचं काय चुकलं! "समाधानकारक" लिहून त्यांनी झोकात सही ठोकली.

निघताना शिवणखोलीतल्या टेलरकाकांनी त्यांना सुईत दोरा ओवून मागितला. साठीचे, हसतमुख गृहस्थ. चिंध्या जोडून ते एक इवलासा फ्रॉक शिवत होते. ते आत आल्यावर जन्मलेली नात आता चार वर्षांची झाली होती, आणि दोन महिन्यांनी सुटका झाली की काका तिला पहिल्यांदा बघणार होते. हल्ली डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारतं, असं ते म्हणाले. सिस्टरांनी वहीतली त्यांची ओळ आठवली. एकशे सत्तावीस, एक्याऐंशी. छान होतं की! चष्मा बदलून घ्या काका, असं सांगून त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मास्तरांचा दंड घरच्या पाऱ्याच्या यंत्राच्या पट्ट्यात आवळला. पारा एकशे चाळिसावर आला. मास्तर भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करू लागले.

"एकशे चाळीस जरा जास्त वाटतं गं. एकशे पस्तीस लिही."

"अहो, एकशे पस्तीस कुठून लिहू? पट्टीवर रेघा दोन-दोनच्या अंतरावर असतात. पाऱ्याच्या यंत्रावर विषम आकडा येतच नाही."

एवढं बोलून त्या थांबल्या. एकशे सत्तावीस, एक्याऐंशी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आकडे खरे वाटावेत म्हणून वेडेवाकडे लिहिणाऱ्याने नेमके यंत्राला न येणारे आकडे निवडले होते, आणि त्याखाली सही होती चौतीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईची. स्वतःचा इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. मास्तरांच्या दंडाचा पट्टा सोडून त्यांनी यंत्र पिशवीत घातलं आणि वर्दी न देता तुरुंग गाठला.

कम्पाउंडर त्यांना पाहून उभा राहिला तो उभाच राहिला. टेबलावरच्या यंत्राचा रबरी फुगा सिस्टरांनी दाबला. फुस्स. फुग्याला बोटभर चीर होती.

"किती दिवस झाले, भाऊ?"

"आठ महिने, सिस्टर." तो म्हणाला. "चार अर्ज केले मी. आकडा चुकला तर कुणी विचारत नाही, पण रकाना रिकामा दिसला की लगेच वरून विचारणा येते."

काल सिस्टरांनीसुद्धा भरलेले रकानेच पाहिले होते. त्यांनी बाक पुढे ओढला, आपलं यंत्र मांडलं आणि सगळ्यात आधी टेलरकाकांना बोलावलं. दोनशे चार, एकशे अठरा. पुन्हा घेतला, तेवढाच. तासाभरात काका गाडीत बसून इस्पितळात होते. तिथल्या डॉक्टरांनी निरोप धाडला, की आणखी आठवडा गेला असता तर नातीची भेट काही खरी नव्हती.

साहेबांचा मात्र पारा चढला. अहवाल वर गेला की आपल्या तुरुंगाची शोभा होणार, हे त्यांना दिसत होतं. सिस्टरांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. पहिलंच वाक्य होतं, "मागील भेटीत यंत्र न तपासता मी सही केली, ही माझी चूक." ते वाचून साहेबांचा सूर उतरला. खाली कम्पाउंडरच्या चारही अर्जांच्या तारखा होत्या. साहेबांनी बराच वेळ पेन चावलं आणि सही केली. दहा दिवसांत दोन नवी यंत्रं आली. साहेबांनी स्वतःचाही रक्तदाब मोजून घेतला, आणि तेव्हापासून तेही मीठ जपून खातात.

काका दोन आठवड्यांनी परतले. डोकं हलकं, नजर साफ. नव्या यंत्राला त्यांनी फ्रॉकच्या उरल्या कापडाची खोळ शिवली, तीही न मागता.

त्यांच्या सुटकेच्या सकाळी सिस्टर मुद्दाम गेल्या. कम्पाउंडरने काकांचा शेवटचा रक्तदाब घेतला, एकशे छत्तीस, चौऱ्याऐंशी. काकांनी पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवून दाखवला, फ्रॉकला शेवटचं बटण लावलं आणि फ्रॉक बगलेत मारून ते फाटकाबाहेर पडले. बाहेर लेक उभी होती आणि तिच्या मागे लपून एक चिमुरडी या नव्या आजोबांना एका डोळ्याने न्याहाळत होती. सिस्टरांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

त्या आत आल्या तर कम्पाउंडर वहीपुढे घुटमळत होता. महिन्याचे अजून अकरा दिवस बाकी होते आणि काकांच्या ओळीत अकरा रकाने मोकळे होते. जुनी सवय, हात शिवशिवत होता.

"रिकामेच ठेवू ना, सिस्टर?"

"ठेवा की. वरून विचारलं तर मी आहे."

तरी त्याने पेन उचललं. अकरा रकान्यांवरून एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, घरी गेले.

सिस्टरांनी त्याखाली सही केली.