काकूंचा कायदा

राणीच्या भाषणाच्या दिवशी काकांनी घरातल्या घरात टाय बांधला होता. मी ऑफिसला निघाले होते. जिना उतरताना त्यांनी हाक मारली, "अगं पोरी, एक दिवस उशिरा गेलीस तर तुझा बॉस काय सुळावर चढवणार आहे का तुला? बस इथे."

मी बसले. लंडनच्या कडेला पिनरमधल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. काका रिटायर्ड डॉक्टर. तरुणपणी मुंबईहून आले आणि इथल्या सरकारी हॉस्पिटलांत लोकांची हाडं जोडण्यात त्यांचा जन्म गेला. मला पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने वर्क परमिटवर पाठवलेलं. माझे वडील गवंडी, आई चार घरी पोळ्या लाटायची, आणि आमच्या सगळ्या भाऊबंदांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी ओळख झाल्या झाल्या सांगून टाकते. नंतर कुणी उकरून काढण्यापेक्षा ते बरं. काकांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "उत्तम. म्हणजे बाथरूमच्या फरशा कुणी वाईट बसवल्यात ते तू सांगू शकशील." मी सांगितलंही. तेव्हापासून आमचं जमलं.

टीव्हीवर राणी मुकुट घालून संसदेत बसली होती आणि सरकारने लिहून दिलेलं वाचत होती. माझं सरकार हा कायदा करील, माझं सरकार तो कायदा करील. निवडणूक तोंडावर आलेली, त्या सरकारचं हे शेवटचं अधिवेशन. आमच्याकडे आचारसंहितेच्या आधी नारळ फुटतात ना, तसलाच प्रकार वाटला मला. पाइपचा पत्ता नसतो, पण पाण्याच्या योजनेची कोनशिला तयार असते. मी तसं बोलले.

"गप. ऐक," काका म्हणाले.

मग ते वाक्य आलं. ज्यांची गरज सर्वांत मोठी, त्यांची देखभाल त्यांच्या घरीच, आणि फुकट. एवढंच. राणीने पान उलटलं. काका मात्र उठून समोरच्या खोलीत काकूंच्या पलंगाशी गेले आणि म्हणाले, "ऐकलंस का? तुझा कायदा येतोय."

काकू म्हणाल्या, "अहो, दूध उतू जाईल."

गॅसवर दूध नव्हतं. आदल्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला, उजवं अंग गेलं, आणि त्याबरोबर इंग्रजीही गेलं. सगळंच्या सगळं. या बाईंनी इथल्या नर्सरीत गोऱ्या पोरांना ए बी सी डी शिकवलेली, आणि आता सकाळी मदतीला येणारी केअरर "गुड मॉर्निंग" म्हणाली की त्या माझ्याकडे बघून विचारायच्या, "ही काय म्हणतेय गं?" उरलं होतं ते मराठी, तेही तुटक. पाणी दे. पाय दुखतो. मला जायचंय. हे "जायचंय" म्हणजे संडासला, आणि ते लगेच कळावं लागायचं.

ती केअरर दिवसातून एकदा यायची. काकांची थोडीफार पुंजी होती म्हणून कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, नियम सांगत होता की तुमचं तुम्ही बघा. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र काका एकटे. दुसऱ्यांची हाडं जोडणाऱ्या माणसाचे स्वतःचे गुडघे संपले होते. ब्रिस्टलला असलेल्या मुलाने त्याच्या घराजवळ एक केअर होम बघून ठेवलं होतं. तो रविवारी फोन करायचा. स्पीकर चालू असायचा.

"बाबा, होम चांगली आहे. आईचा खोली गार्डनच्या बाजूला मिळेल. पण वेटिंग लिस्ट आहे, लवकर सांगा."

"तिथे मराठी कोण बोलतं?"

"मी आहे ना."

"तू आठवड्यातून एकदा जाणार, आणि तिच्यासमोर 'आईचा खोली' म्हणणार. ती शुद्धलेखन घालेल तुला."

"बाबा, प्लीज. इलेक्शन आलं की सगळेच प्रॉमिस करतात."

"कायदा होऊ दे, मग बोलू," काका म्हणायचे आणि फोन ठेवायचे. कायदा झाला तर दिवसातून चार वेळा दोन-दोन माणसं येणार होती. मग काकू घरी राहू शकत होत्या. नाही झाला तर ब्रिस्टल. इतकं सरळ होतं ते.

आता कायद्याचा फायदा कुणाला, तर सर्वांत मोठी गरज असणाऱ्याला. ती गरज ठरवायला कौन्सिलच्या बाई घरी येऊन बघणार होत्या. आणि इथे आपल्या माणसांची जी खोड आहे ती आडवी आली. घरी माणूस येणार म्हटल्यावर काका कामाला लागले. मला अर्धी रजा काढायला लावली. काकूंना आंबा रंगाची नारायणपेठ नेसवायची, अंबाडा घालायचा, कुंकू नीट लावायचं. कमोडची खुर्ची गॅरेजमध्ये. पॅडची पाकिटं जिन्याखाली. उचलायचा पट्टा कपाटात. टीपॉयवर चिवडा आणि लाडू.

"काका, त्या बाई मुलगी बघायला येत नाहीयेत," मी म्हटलं.

"म्हणून काय घाणीत बसायचं?"

पलंगावर झोपलेल्या माणसाला साडी नेसवणं सोपं नसतं. या कुशीवर, मग त्या कुशीवर. काकूंनी डाव्या हाताने पदर चाचपला आणि चेहरा उजळला. "पाहुणे कोण?" त्यांनी विचारलं.

"कौन्सिलच्या बाई," काका म्हणाले.

"मग पोहे कर."

बाई आल्या. चांगल्या होत्या हो, उगीच नावं कशाला ठेवू. न सांगता बूट दाराशी काढले, लाडू खाल्ला, काकूंच्या साडीचं कौतुक केलं. काकू छान हसल्या. मग प्रश्न सुरू झाले. रात्री उठावं लागतं का? काका म्हणाले, "शी स्लीप्स लाइक अ बेबी." अंघोळ कोण घालतं? "वी मॅनेज." उचलायला त्रास? "वी मॅनेज व्हेरी वेल, थँक यू." उत्तरागणिक बाईंचं पेन कमी चालत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला दिसत होतं की हा माणूस आपल्या बायकोला एकेका उत्तराने ब्रिस्टलला पाठवतोय.

मला गप्प बसता येत नाही. मी इंग्रजीत सांगितलं, की सोमवारी काकूंना उचलताना काका पडले. मी कामावरून येईपर्यंत दोघं कार्पेटवर पडून होते. काकू ओल्या होत्या, आणि काकांनी आपला कोट त्यांच्यावर घातला होता.

काका मराठीत म्हणाले, "तू यात पडू नकोस. हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"काका, कायदा गरजवंतांसाठी आहे. तुमची सगळी गरज तुम्ही गॅरेजमध्ये नेऊन ठेवलीत."

मी गेले आणि कमोडची खुर्ची घेऊन आले. पट्टा आणला, पाकिटं आणली, आणि लाडवांच्या शेजारी मांडली. काका खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी साडी सैल करून काकूंच्या पाठीवर झोपून झोपून झालेल्या जखमा बघू का म्हणून विचारलं. बघितलं. मग पेन भराभर चाललं.

त्या गेल्यावर काका माझ्याशी बोलेनात. चहा मात्र रोज दाराबाहेर ठेवायचे, बशी झाकून. कौन्सिलने काकूंना सर्वांत वरच्या गरजेत घातल्याचं कळलं तेव्हा ते माझ्या खोलीच्या दारात आले. म्हणाले, "इतकी वर्षं मी पेशंटला ओरडायचो, लपवू नकोस, कुठे दुखतं ते सांग. पलंगाच्या या बाजूला कधी बसलो नव्हतो गं." एवढं बोलून खाली गेले. मला बरं वाटलं. आपण बोललो ते योग्य बोललो असं वाटलं, आणि ते अजूनही वाटतं.

मग तो हिवाळा आम्ही संसदेच्या चॅनेलवर काढला. खालच्या सभागृहाच्या हिरव्या बाकांवरून विधेयक पास होऊन लाल बाकांवर, लॉर्डांकडे गेलं. "लॉर्ड म्हणजे जुने वतनदार," काकांनी मला समजावलं. "मत कुणी दिलेलं नसतं, पण खोट काढायचा मान त्यांचा." खोट निघाली. पैसा कुठून आणणार? कौन्सिलं म्हणाली, आमच्याकडे नाही. मोठमोठी माणसं इतक्या गोड इंग्रजीत बोलायची की विरोध चाललाय का कौतुक, ते मला काकांना विचारावं लागायचं. शेवटी त्यांनी एक कलम घातलं, की निवडणुकीनंतरच्या नव्या संसदेने पुन्हा होकार दिल्याशिवाय हा कायदा लागू करायचा नाही. पलंगावर काकू, खुर्चीत काका, जमिनीवर मी. टीव्हीवर बोलणाऱ्यांतल्या कुणालाच आम्ही दिसत नव्हतो.

निवडणूक जाहीर झाली आणि उरलेल्या थोड्या दिवसांत अर्ध्यावर पडलेली विधेयकं उरकायची घाई सुरू झाली. दोन्ही बाजू आतल्या खोलीत बसून ठरवत होत्या, कुठलं जगवायचं, कुठलं सोडायचं. काका म्हणाले, "लग्नाच्या बैठकीसारखंच. मानपान तुमचे ठेवा, दागिने आमचे सोडा." कितीतरी विधेयकं तिथेच गेली. काकूंचं वाचलं. विग घातलेल्या एका माणसाने कुठल्याशा जुन्या फ्रेंच शब्दांत राणीची संमती जाहीर केली. काकांनी स्वतः शिरा केला. गुठळ्या झालेला.

"पण काका, लागू कधी?" मी विचारलं. "आमच्याकडे कोड लिहून तयार असतो, पण चालू करायचं बटण क्लायंटच्या हातात."

"कायदा झालाय," काका म्हणाले. "आता मागे कोण घेणार? मतं मागायची आहेत सगळ्यांना. खा शिरा."

मतदानाचं कार्ड माझ्याही नावाने आलं, तर मला वाटलं कौन्सिलचं चुकलं. मी परदेशी, पासपोर्ट भारताचा, पावसाळी ढगासारखी आज इथे उद्या तिथे. मी ते परत पाठवायला निघाले होते. काका ओरडले, "अगं, वेडी का तू! कॉमनवेल्थवाल्यांना मत असतं इथे. दीडशे वर्षं राज्य केलं, त्याची ही भरपाई." पुण्यात यादीत माझं नाव कधी सापडलं नव्हतं. आयुष्यातलं पहिलं मत मी पिनरच्या चर्चच्या हॉलमध्ये दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने दिलं. बाहेर येऊन मी बोट बघितलं. कोरं.

"शाई नाही लावत हे," मी म्हटलं.

"मग जा, आणखी एकदा देऊन ये," काका म्हणाले. त्या दिवशी ते फार खुशीत होते.

कुणालाच बहुमत मिळालं नाही. काही दिवस नुसती खलबतं, मग नवीन माणसं आली. उन्हाळ्यात कळलं की घरच्या देखभालीचा तो कायदा नवं सरकार लागू करणार नाही. पैसा नाही. कायदा रद्दसुद्धा केला नाही. तो तिकडे पुस्तकात होता, राणीच्या होकारासकट, आणि इकडे काकूंना उचलायला कुणी येणार नव्हतं.

मी कौन्सिलला फोन लावला. त्याच बाई निघाल्या. मी माझ्या पद्धतीने बोलले: तुम्ही घरात आलात, त्यांना उघडं करून पाठ बघितली, सर्वांत वरच्या गरजेत घातलं. मग आता? त्या म्हणाल्या, "आय नो. आय ॲम सो सॉरी." त्यांच्या आवाजावरून कळत होतं की हा फोन त्यांना आलेला पहिला नव्हता. बाईंना तरी मी काय बोलणार? माझी डिग्री, माझं तोंड, माझं नवं कोरं मत, सगळं जवळ होतं, आणि मी त्यांना 'थँक यू' म्हणून फोन ठेवला.

जुलैत काका पुन्हा पडले. या वेळी मनगट मोडलं. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा काकांनी स्पीकर लावला नाही. "ठीक आहे," इतकंच म्हणाले.

होममधून सांगितलं होतं की कपडे मशीनमध्ये धुता येतील असे, पुढून उघडणारे द्या. मुलाने गाऊन आणले होते. निघायच्या सकाळी काका प्लास्टरच्या हातावर ती आंबा रंगाची नारायणपेठ टाकून माझ्या दाराशी आले.

"नेसवतेस? तिथे उद्यापासून काय घालायचं ते घालू देत. पण आत जाताना त्यांना कळलं पाहिजे, कोण आलंय ते."

दोन-तीन तासांचा गाडीचा प्रवास. साडीत काकूंना त्रास होणार होता, वाटेत काही झालं तर पंचाईत होणार होती. मला हे सगळं दिसत होतं. मी साडी घेतली. या कुशीवर, मग त्या कुशीवर. निऱ्या नीट बसवल्या, अंबाडा घातला, कुंकू लावलं. काकूंनी डाव्या हाताने पदर चाचपला.

"पाहुणे कोण?" त्यांनी विचारलं.

मी काकांकडे बघितलं. काकांनी मुलाकडे. मुलगा दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता, त्याला प्रश्न कळला की नाही कोण जाणे.

"पाहुणे कोण, अहो?" काकूंनी पुन्हा विचारलं. "पोहे करायचेत का?"

"कर," काका म्हणाले. "भरपूर कर," आणि काकूंच्या पायांत चपला घालायला खाली वाकले. एका हाताने जमेना, तेव्हा डावी मी घातली.